हरकत घेतली होती, पण लिहिली कुठे?

प्रश्न: एका सूचीबद्ध कंपनीत मी स्वतंत्र संचालक (म्हणजे प्रवर्तकांशी, कंपनी उभी करणाऱ्या मालकांशी, संबंध नसलेला संचालक) होतो. प्रवर्तकांच्या नातेवाइकांच्या फर्मला मोठी आगाऊ रक्कम देण्याचा ठराव बैठकीत आला, तेव्हा मी हरकत घेतली. व्यवस्थापकीय संचालक म्हणाले, ‘नंतर बोलू.’ मिनिट्समध्ये, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तात, मात्र ‘एकमताने मंजूर’ असं लिहिलं आहे. चार महिन्यांनी मी राजीनामा दिला. आता ती रक्कम बुडाली आणि मलाही कारणे दाखवा नोटीस आली. मी आधीच बाहेर पडलो असताना जबाबदार कसा?

उत्तर: अशी पत्रं वरचेवर येतात आणि जवळपास प्रत्येकात राजीनाम्याची तारीख अधोरेखित केलेली असते. त्या तारखेने फारसं काही साधत नाही. संचालक असताना जे घडलं त्याची जबाबदारी राजीनाम्यानंतरही राहते, हे कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६८ मध्येच लिहिलं आहे.

तुमच्या प्रकरणाचा निकाल वेगळ्याच ठिकाणी अडकला आहे. तुम्ही पाठवलेल्या कागदांत कंपनी सेक्रेटरींचा दोन ओळींचा ईमेल आहे: मिनिट्सचा मसुदा सोबत जोडला आहे, सात दिवसांत अभिप्राय कळवावा. त्यावर तुमचं उत्तर नाही. संचालक मंडळाच्या बैठकांसाठीचं सेक्रेटरियल स्टँडर्ड, म्हणजे बैठकांच्या कार्यपद्धतीची नियमावली, कंपन्यांवर बंधनकारक आहे आणि त्यानुसार सात दिवस गप्प राहणाऱ्या संचालकाने मसुदा मान्य केला असं धरलं जातं. ‘माझा विरोध नोंदवा’ एवढी एक ओळ पुरली असती. कलम ११८ प्रमाणे ठरावाला विरोध करणाऱ्या संचालकाचं नाव मिनिट्समध्ये यावंच लागतं. स्वतंत्र संचालकांसाठीची आचारसंहिता, म्हणजे अनुसूची ४, याच्याही पुढे जाते. शंकेचं निरसन झालं नाही तर ती मिनिट्समध्ये नोंदवण्याचा आग्रह धरणं हे तुमचं कर्तव्य आहे. नेमणुकीच्या वेळी ही संहिता पाळण्याचं तुम्ही मान्य केलंत. ती एकदा नीट वाचली असती तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आता नीट ऐका, कारण इथेच बहुतेक जण स्वतःचं नुकसान करून घेतात. कलम १४९ (१२) स्वतंत्र संचालकाला मोठं संरक्षण देतं. मंडळाच्या कामकाजातून गैरप्रकार त्याला माहीत झालेला असेल आणि त्यात त्याची संमती वा संगनमत असेल, किंवा त्याने योग्य ती दक्षता घेतली नसेल, तरच तो जबाबदार. तुम्ही नोटिशीच्या उत्तरात ‘मी तोंडी हरकत घेतली होती’ एवढंच लिहिलंत, तर माहिती होती हे तुम्हीच कबूल केलंत. मग प्रश्न उरतो दक्षतेचा, आणि तिथे तुमच्या हातात कागद नाही. म्हणून हे वाक्य पुराव्याशिवाय उत्तरात घालू नका.

पुरावा मिळू शकतो का? कदाचित. मिनिट्स हा पुरावा असला तरी तो खोडून काढता येतो. बैठकीच्या रात्री दुसऱ्या संचालकांना तुम्ही व्हॉट्सॲपवर ‘हे बरोबर दिसत नाही, उद्या बोलायला हवं’ असं कळवलं होतं म्हणता. तो फोन बदलू नका, विकू नका, रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडून तो संदेश दाखल करता येईल. त्याला किती वजन मिळेल हे मात्र आज सांगता येणार नाही. बैठक व्हिडिओ कॉन्फरन्सवर झाली असेल तर तिचं रेकॉर्डिंग कंपनीने निदान त्या वर्षाचं ऑडिट पूर्ण होईपर्यंत ठेवायचं असतं. ते आणि सही झालेल्या मिनिट्सची प्रत आजच लेखी मागा. तुमच्या कार्यकाळातल्या मिनिट्सची प्रत मिळण्याचा हक्क राजीनाम्यानंतरही राहतो.

राजीनाम्याचं पत्र मला सर्वांत जास्त खटकलं. ‘वैयक्तिक कारणांमुळे’ असं लिहून वर ‘याखेरीज दुसरं कोणतंही महत्त्वाचं कारण नाही’ या खात्रीवर तुम्ही सही केली आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने ही खात्री मागायला सुरुवात केली ती संचालकांनी खरं कारण बाजाराला सांगावं म्हणून. ज्यांनी तुमचं नाव पाहून शेअर घेतले, त्या लहान गुंतवणूकदारांना तेव्हाच सावध करता आलं असतं. आता ‘त्या व्यवहारामुळेच बाहेर पडलो’ असं म्हणाल, तर तुमचीच सही तुमच्या विरोधात उभी राहील.

मिनिट्स दुरुस्त करून द्या म्हणून सेक्रेटरींना गळ घालू नका आणि मागच्या तारखेचं पत्र तर मुळीच तयार करू नका. मिनिट्समध्ये फेरफार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आज तुमच्यावर निष्काळजीपणाचा ठपका आहे, त्याचा गुन्हा स्वतःहून करू नका.

उत्तराचा भर कलम १४९ (१२) वर आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या २ मार्च २०२० च्या परिपत्रकावर असू द्या. या कलमाच्या कसोट्या लागू होत नसतील तर स्वतंत्र संचालकांना कारवाईत ओढू नये, असं त्यात कंपनी निबंधकांना बजावलं आहे. प्रामाणिकपणे वागलेल्या अधिकाऱ्याला कारवाई सुरू होण्याआधीच कंपनी कायद्याच्या कलम ४६३ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. तो मार्ग तुमच्या वकिलांबरोबर तपासून घ्या, पण लवकर सुटकेची आशा धरू नका. सत्यम या आयटी कंपनीचे संस्थापक रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ ला हिशेब खोटे असल्याचं स्वतः लिहून दिलं, तरी खालच्या कोर्टाचा निकाल यायला एप्रिल २०१५ उजाडला. लेखी कबुली असताना ही गत, तर तुमच्या प्रकरणात साक्षीदारच शोधावे लागणार आहेत. पैसे वळवणारे व्यवस्थापकीय संचालक या दिरंगाईत निवांत राहतील, याची मला चीड आहे.

त्यांच्याविरुद्ध तुम्हाला जे ठाऊक आहे ते तपासात स्पष्टपणे आणि कागदांसह सांगा. नोटिशीची मुदत संपायच्या आत उत्तर जमणार नसेल तर मुदतवाढीचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.