जहांगीर असताना कॉलेजच्या गॅलरीतली 'पोरांची कामं' बघायला कशाला जायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमचं ऑफिस फोर्टात आहे, जेवणाच्या सुट्टीत कधीमधी जहांगीर आर्ट गॅलरीत डोकावता. आता एका कला महाविद्यालयाच्या गॅलरीचं वर्षभराचं वेळापत्रक हाती लागलंय, पण चित्रातलं काही कळत नाही आणि कामंही 'पोरांची', तर एवढी पायपीट करावी का, असा तुमचा प्रश्न.

करावी. फक्त एकदाच जाऊ नका. जून ते मार्चमध्ये चार-पाचदा चक्कर मारा. एकच प्रदर्शन बघून आलात तर वेळ फुकट गेला असं वाटण्याची शक्यता बरीच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मी स्वतः मुंबईतल्याच एका कॉलेजात चित्रकला शिकलो (नाव सांगत नाही, पुढे थोडी उणीदुणी काढायची आहेत) आणि आता शाळेत शिकवतो. कॉलेजात असताना तीन वर्षं गॅलरीच्या मांडणीत होतो. मांडणीत होतो म्हणजे शिडी धरायची, खिळे ठोकायचे आणि सगळ्यांसाठी वडापाव आणायचे. त्यामुळे समीक्षकाचं नाही, शिडी धरणाऱ्याचं उत्तर देतोय.

जहांगीर 1952 साली उभी राहिली. तिथे मंगळवारी प्रदर्शन लागतं, सोमवारी उतरतं. चित्रकाराने त्या एका आठवड्यासाठी कधीकधी वर्षानुवर्षं वाट बघितलेली असते, भाडं भरलेलं असतं, त्यामुळे तो निवडक, फ्रेम केलेलं, पसंत पडेल अशी खात्री असलेलंच काम आणतो. त्यात वाईट काही नाही. पण तो रंगलेला प्रयोग झाला. काही लोकांना तालमीला जाऊन मागच्या बाकावर बसायची हौस असते, त्यांच्यासाठी कॉलेजची गॅलरी. तिथे एकाच मुलीचं जुलैतलं चारकोल आणि फेब्रुवारीतलं कॅनव्हास तुम्हाला बघायला मिळतं, आणि मधल्या सहा महिन्यांत तिने काय सोडून दिलं ते दिसतं. त्यासाठी चित्रातलं काही कळावं लागत नाही. नाव लक्षात ठेवलं की पुरतं.

आणि 'पोरांची कामं' म्हणून नाक मुरडण्याआधी एक करा. तुम्ही सीएसएमटीला उतरत असाल तर एकदा मान वर करून बघा. दगडात कोरलेली ती पानं, वेली, पक्षी, प्राणी घडवण्यात जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. जे.जे.ची स्थापना 1857 ची, आणि ते स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर. त्याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली 1872 पासून अनेक वर्षं अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बऱ्याच लंडनला ठेवल्या होत्या आणि तिथे 1885 च्या आगीत जळाल्या. पुढचं म्हणाल तर चित्रकार वासुदेव गायतोंडे 1948 साली तिथून डिप्लोमा घेऊन बाहेर पडले आणि 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं. 1940 च्या दशकात कोणी वर्गाच्या दारातून डोकावला असता तर त्यालाही पोरांचीच कामं दिसली असती. अर्थात तुम्ही बघाल त्यात गायतोंडे निघेलच असं नाही. बहुतेक वेळा निघत नाही.

आता मोसमाबद्दल. आमच्याकडे पावसाळ्यात स्केचेस आणि जलरंग लागायचे, बाहेर जाऊन केलेली निसर्गचित्रं वगैरे. मुंबईच्या पावसात कागद पापडासारखा वाकतो. दुहेरी चिकटपट्टीवर लावलेली चित्रं ऑगस्टमध्ये रात्रीतून गळून पडायची आणि सकाळी गॅलरी उघडली की जमिनीवर निम्मं प्रदर्शन. एका वर्षी तर काचेच्या आत बुरशीचे करडे ठिपके उठले आणि एका पाहुण्यांनी त्या आकाशाचं फार कौतुक केलं. ऑक्टोबरात शिल्पवाल्यांचं. ते मला कधी फारसं जमलं नाही, त्यावर बोलत नाही. डिसेंबरनंतर वार्षिक प्रदर्शन. ते मोठं, गर्दीचं, पण भिंती इतक्या भरतात की एकही काम धड बघता येत नाही. मी सांगेन, वार्षिक प्रदर्शन चुकलं तरी चालेल, दिवाळीच्या आधीची छोटी प्रदर्शनं चुकवू नका.

त्यातही मुद्राचित्रांचं, म्हणजे प्रिंटमेकिंगचं प्रदर्शन असेल तर सुट्टीतली वीस मिनिटं त्यालाच द्या. समोरून बघून झालं की कडेला जाऊन तिरक्या उजेडात बघा. एचिंग (अॅसिडने कोरलेल्या पत्र्यावरून घेतलेला छाप) असेल तर चित्राभोवती कागद किंचित आत दबलेला दिसेल. जस्ताचा पत्रा प्रेसखालून गेल्याची ती खूण. खाली पेन्सिलने 3/10 असं काही लिहिलेलं असतं. ते गुण नव्हेत (माझ्या आईला बरीच वर्षं तसंच वाटायचं, आणि तिने एकदा 'तीनच का रे?' असं विचारलंही). दहा प्रतींतली ही तिसरी, एवढाच अर्थ. तो पत्रा अॅसिडमध्ये किती वेळ ठेवायचा हे पोरं घड्याळ लावून ठरवतात आणि तरी फसतात. फसलेली जागा काळी, खरबरीत येते, आणि पुष्कळदा चित्रातली सगळ्यात बघण्यासारखी जागा तीच असते.

'काही कळत नाही' यावरचं माझं उत्तर एका दुपारचं आहे. माझ्या एका वर्गमित्राने बेस्टची जुनी कागदी तिकिटं मोठी करून स्क्रीन प्रिंटने छापली होती, भिंतभर, रांगेत. सरांनी त्यावर शहर, गर्दी, अनामिकता असं बरंच बोलून झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले, निवृत्त कंडक्टर. चप्पल बाहेर काढून आत आले. भिंतीला नाक लावून एकेक रांग बघत गेले, दहा मिनिटं तरी. मग मुलाला म्हणाले, "पंच कुठाय?"

आम्हाला कळेना. ते म्हणाले, "अरे, बिनपंचाची तिकिटं ही. म्हणजे अजून विकलीच नाहीत. माझ्या पेटीतली शिल्लक लावलीयस तू भिंतीवर." मग त्यांनी बोटाने दाखवलं, भोक कुठल्या आकड्यावर पडतं, घाईत असलं की कसं सरकतं, शेवटच्या फेरीला हात दुखत असला की कसं अर्धवटच पडतं. संध्याकाळी गॅलरी बंद झाल्यावर आम्ही चौघं फरशीवर बसून त्या छापांना ब्लेडने भोकं पाडत होतो आणि काका स्टुलावर बसून सांगत होते, इथे, इथे नको, हां. नंतर मागचा दिवा लावला तेव्हा भोकांतून उजेड आला आणि काम एकदम बदललं. सरांनी दुसऱ्या दिवशी त्यावरही व्याख्यान दिलं.

म्हणून जा. तुम्ही बँकेत असा, कस्टममध्ये असा, तुमच्या कामाचं काहीतरी त्या भिंतीवर निघेलच, आणि ते मुलांना बहुधा ठाऊक नसतं.

गैरसोयींची तयारी ठेवा. वेळापत्रकात सात लिहिलेलं असतं आणि साडेचारला कुलूप दिसतं, कारण किल्ली ज्या मामांकडे ती गाडी पकडून गेलेले असतात. आमच्याकडे निम्म्या चित्रांखाली चुकीची नावं असायची. माझं एक लँडस्केप आठवडाभर दुसऱ्याच्या नावाने लागलं होतं आणि त्याला बक्षीसही मिळालं. परत मागायला गेलो तेव्हा ऑफिसने अर्ज करायला सांगितलं. अर्ज केला. अजून उत्तर यायचंय.

गेटवर वॉचमनला नुसतं "प्रदर्शन बघायचंय" म्हणा. बहुतेक ठिकाणी वहीत नाव लिहून आत सोडतात, क्वचित ओळखपत्र मागतात. उद्घाटनाला जाऊ नका, तिथे समया आणि सत्कार असतात, चित्रांकडे सगळ्यांच्या पाठी. मधल्या एखाद्या दुपारी जा. कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेला मुलगा किंवा मुलगी दिसेल, बहुधा त्यांचंच काम लागलेलं असतं. "हे कसं केलं?" एवढं विचारा. 'याचा अर्थ काय' विचारू नका, ते घाबरतात आणि सरांचं वाक्य म्हणून दाखवतात. काही आवडलं तर किंमत विचारायलाही लाजू नका. मी एकदा 1,200 रुपयांना एक लिनोकट (लिनोलियमवर कोरून घेतलेला छाप) घेतलं, ते आजही स्वयंपाकघराच्या दारावर आहे. अभिप्रायाच्या वहीत 'छान' सोडून काहीही लिहा, ती वही पोरं खरंच वाचतात.

आणि शेवटच्या दिवशी पाचनंतर गेलात तर रिकाम्या हातांनी फार वेळ उभे राहू नका. तेव्हा प्रदर्शन उतरवायचं चाललेलं असतं, कुणीतरी तुम्हाला फ्रेमचं दुसरं टोक धरायला लावणारच.