मेंदूच्या सफाईवर, म्हणजे मेंदूतला कचरा द्रवाबरोबर कसा वाहून जातो यावर, संशोधन करायचंय म्हणतोस, तर…

भो, जळगावात बी.एस्सी. करता करता सुरुवात करता येते. आधी मेंदूशास्त्रज्ञ नेडरगार्ड यांच्या गटाचा २०१२चा शोधनिबंध वाच: उंदरांच्या मेंदूत रक्तवाहिन्यांलगतच्या जागेतून मेंदूभोवतीचा द्रव आत शिरतो, अॅक्वापोरिन-४ हे पाण्याला वाट देणारं प्रथिन त्याला मदत करतं. २०१३मध्ये त्यांनी झोपेत ही सफाई वाढते असं दाखवलं. २०२४मध्ये लंडनच्या गटाने उंदरांवरच नेमकं उलट मांडलं! दोन्ही शेजारी ठेव आणि निष्कर्ष सोडून फक्त पद्धती वाच. रंगद्रव्य कुठे टोचलं, कशाने मोजलं, खरं भांडण तिथंच आहे. गणित सोडू नकोस, शेवटी प्रवाहच मोजायचाय. घरचे ‘मग दवाखाना कधी टाकणार?’ विचारतीलच, विचारू देत. उंदीर हाताळणं नको वाटलं तर एमआरआयकडे वळ. पीएच.डी.साठी मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आणि बंगळुरूचं निम्हान्स (मेंदू आणि मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) बघून ठेव.