एकाच प्लेटवर राहा

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. एका सत्रात एचिंगच्या, म्हणजे अ‍ॅसिडने रेघा खोदून छापायच्या, सहा प्लेट्स झाल्या, सगळ्यांच्या एडिशन्स (ठरावीक प्रती) काढल्या, तरी एकही प्रिंट भिंतीवर लावावंसं वाटत नाही, असं तू लिहिलंस. मी फोटो दोनदा पाहिले. रेखाटनात काही उणं नाही. पण प्रत्येक प्लेट तू एकदाच अ‍ॅसिडमध्ये घातलीस, एकदाच छापलीस आणि लगेच दुसरी हातात घेतलीस. वहीतलं चित्र झिंकवर जसंच्या तसं उतरलं, एवढंच झालं. ते वहीतच अधिक चांगलं होतं.

तू मिरजेची. सतारमेकर गल्लीत जवारी काढताना पाहिलं असशील. कारागीर सतारीच्या घोडीवर, जिच्यावर तारा टेकतात तिच्यावर, कानस फिरवतो, तार चढवतो, छेडतो, कान देतो, तार बाजूला करतो आणि पुन्हा हलकेच कानस लावतो. सूर खुलेपर्यंत हेच चालतं. एचिंग असंच शिकायचं असतं. प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, काढणं हे तार छेडून पाहण्यासारखं. तू सहा घोड्या कानसल्यास आणि प्रत्येकीवर तार एकदाच छेडलीस.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. पुढचं सगळं सत्र एकच प्लेट घे. फार मोठी नको, वहीच्या पानाएवढी पुरे. तिची किमान दहा स्टेट्स काढ, म्हणजे प्लेटमध्ये बदल करत दर टप्प्याला छाप घे. प्रत्येक प्रूफच्या मागे पेन्सिलीने लिहीत जा: कोणतं अ‍ॅसिड, किती पातळ, किती मिनिटं, त्या दिवशी हवा कशी होती. हवा लिहायला विसरू नकोस. मे महिन्यात अ‍ॅसिड झपाट्याने खातं, थंडीत रेंगाळतं. डिसेंबरमधली दहा मिनिटं मे महिन्यात चालत नाहीत.

डच चित्रकार रेम्ब्राँने 1653 मध्ये ‘तीन क्रूस’ नावाची प्लेट केली, ड्रायपॉइंट (सुईने थेट ओरखडणं) आणि ब्युरिनने (कोरणीने). पुढे त्याने तीच प्लेट पुन्हा हाती घेतली, कितीतरी माणसं घासून काढली आणि उरलेल्या दृश्यावर उभ्या, दाट रेघांचा अंधार ओढला. आधीची आणि नंतरची स्टेट्स शेजारी ठेवून बघ. एकाच तांब्याच्या पत्र्यातून ती दोन्ही निघाली आहेत यावर पटकन विश्वास बसत नाही. मिळालेलं चांगलं चित्र मोडायची तयारी त्याने दाखवली, ती मला फार मोलाची वाटते.

आता तुझ्या प्लेटबद्दल. चौथ्या प्रिंटमध्ये आकाशात जे बारीक ठिपके आलेत, त्यांचं कारण तेलकटपणा आहे. ग्राउंड, म्हणजे अ‍ॅसिड अडवणारा थर, लावण्याआधी प्लेट व्हायटिंग (खडूची पूड) आणि अमोनियाने घासून घे आणि नळाखाली धर. पाणी सगळीकडे सलग पसरलं पाहिजे. कुठे फाटून थेंब झाले तर तिथे अजून तेल आहे, पुन्हा घास. त्यानंतर बोट लावायचं नाही, प्लेट कडेनेच धरायची. मी तिसऱ्या वर्षाला असताना घाईत अंगठा टेकवला होता. मेण, राळ आणि डांबराचं ते ग्राउंड बरोबर तिथेच उखडलं आणि चित्रातल्या मावशीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला देवीचे व्रण यावेत तसे खड्डे पडले. सरांनी प्लेट टाकू दिली नाही. हातात स्क्रेपर, धातू खरवडायचं हत्यार, दिला. आठ दिवस मी ते खड्डे घासत आणि बर्निशरने (गुळगुळीत करायच्या हत्याराने) दाबत होते. भिंत पूर्ण साफ झाली नाही, प्रिंटही मध्यमच झालं. पण किती खोल रेघ किती शाई धरते, हे त्या आठ दिवसांत बोटांना कळलं. ते मला कुठल्याच पुस्तकाने समजावलं नव्हतं.

नायट्रिक अ‍ॅसिडात झिंक घातलं की रेघांवर बुडबुडे धरतात. ते पिसाने हलकेच सारत राहायचं, नाहीतर बुडबुड्याखालची रेघ खाल्ली जात नाही आणि तुटक येते. कबुतराचं पीस चालतं, आम्ही कॉलेजच्या आवारातूनच वेचायचो. तांब्यावर फेरिक क्लोराइड वापरशील तेव्हा प्लेट उताणी ठेवू नकोस, गाळ रेघांत बसतो. तोंड खाली करून तरंगत ठेव. आणि पातळ करताना नेहमी अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडात कधीही नाही. तपकिरी धूर दिसला तर काम तसंच सोडून बाहेर पड. याबाबतीत कुणी तुला भित्री म्हटलं तरी ऐकून घे. अ‍ॅक्वाटिंटसाठी (राळेचे कण चिकटवून रेघांऐवजी सलग छटा काढायची पद्धत) राळेची पूड उडवतानाही तोंडाला मास्क हवाच, आणि जवळ ज्योत नको.

सगळ्यात जास्त वेळ पुसण्याला दे. तुझे फोटो पाहून मला खात्री आहे की तू घाईने पुसतेस. शाई आधी सगळ्या रेघांत दाबून भरायची, मग खळ घातलेल्या जाळीच्या कापडाने गोल गोल फिरवत वरची काढायची. कापड ओढलंस तर रेघेतली शाईही निघून येते. शेवटी तळहात. हाताच्या कडेला किंचित फ्रेंच चॉक (शंखजिऱ्याची पूड) लावून, प्लेटला जेमतेम स्पर्श होईल असा फिरव. उजेडाकडे प्लेट तिरकी धरलीस की कुठे शाईचा पापुद्रा राहिलाय ते दिसतं. तो कुठे ठेवायचा आणि कुठे नाही, हा चित्राचाच भाग आहे. एकाच प्लेटवरून पाच वेळा वेगवेगळं पुसून पाच प्रूफं काढ, मग मला काय म्हणायचंय ते कळेल. कागद मात्र आदल्या रात्री भिजवून ठेव आणि टिपकागदात घालून वरचं पाणी काढ. पावसाळ्यात ओला गठ्ठा दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नकोस, बुरशी येते.

रंगाबद्दल विचारलंस. मुद्राचित्रकार कृष्ण रेड्डी पॅरिसला हेटरच्या ‘आतलिए 17’ या छापकार्यशाळेत ज्या व्हिस्कॉसिटी पद्धतीवर काम करत होते, ती शाईतल्या तेलाच्या कमी-अधिक प्रमाणावर आणि कडक-मऊ रोलरवर चालते. एकाच प्लेटवर अनेक रंग एका दाबात. मोह पडण्यासारखीच आहे. पण तिथे प्लेटच्या खोलीचे थर नेमके हवेत, म्हणून आधी एक वर्ष काळ्या शाईतच राहा.

आणि तुझ्या गावची एक गोष्ट. मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने 1805 मध्ये भगवद्गीता छापली गेली, तीही तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून. देवनागरीचा प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी उलटी कोरायची, आणि चुकलं तर तिथेच दुरुस्त करायचं. दोनशे वर्षांपूर्वी तुझ्या गावात कुणीतरी हे काम मान खाली घालून केलं. तू प्लेटवर सही उलटी करायला कंटाळतेस, असं मागे म्हणाली होतीस, म्हणून आठवण केली.

सहा जुन्या प्लेट्सपैकी चौथी निवड. आकाशाचे ठिपके घासू नकोस इतक्यात. आधी त्यांच्यावर अ‍ॅक्वाटिंट घाल, प्रूफ काढ, मग ठरव. दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा नुसती प्रिंट्स नकोत, प्लेटही घेऊन ये. कागदात नीट गुंडाळून आण, कोपरे लागतात.