शंका-समाधान : प्लेटलेट सक्रिय झाल्या, पण कुठे?

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे, रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतात. प्लेटलेट (रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशी) सक्रिय आहेत का ते कळावं म्हणून पी-सिलेक्टिन (सक्रिय प्लेटलेटच्या पृष्ठभागावर येणारं प्रथिन) तपासायला एकानं सुचवलं. घरून रक्त नेतात, त्यांच्याकडून करावं का? – रामबाग, इंदूर

उत्तर : घरून मुळीच नको. शरीराबाहेर आल्यावर प्लेटलेट साध्या धक्क्यानंही सक्रिय होतात आणि गारवा त्यांना सोसत नाही. मे महिन्यात नळी बर्फाच्या डब्यात घालून स्कूटरवरून नेली, तर येणारा आकडा वडिलांचा नसून त्या प्रवासाचा असतो.

रक्त प्रयोगशाळेतच द्यावं. सुई २१ गेजची, दंडाचा पट्टा मिनिटाच्या आत सोडलेला, पहिलं २-३ मिली रक्त वेगळ्या नळीत. वयस्कांच्या नाजूक शिरांसाठी बटरफ्लाय सुई वापरली तर ही पहिली नळी चुकवूच नये. नाहीतर सुईच्या लांब नळकांडीतली हवा सिट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रवाच्या) नळीत जाते आणि रक्त कमी भरतं. प्रमाण असं : ३.२ टक्के सिट्रेट ०.३ मिली, रक्त २.७ मिली. नळी तीन-चार वेळा अलगद उलटवायची, झटकायची नाही. नमुना खोलीच्या तापमानाला ठेवून शक्यतो अर्ध्या तासात अँटीबॉडी लावावी, मग फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी तपासणारं यंत्र). जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी इथे चालत नाही. ती कॅल्शियम बांधून टाकते, त्यामुळे सोबत केली जाणारी पॅक-१ची (सक्रिय प्लेटलेटलाच चिकटणाऱ्या, पण त्यासाठी कॅल्शियम लागणाऱ्या अँटीबॉडीची) तपासणी वायाच जाते.

आकडा वाढलेला आला म्हणजे गोळी निकामी, असंही नाही. ॲस्पिरिन प्लेटलेट सक्रिय होण्याची फक्त एक, थ्रॉम्बॉक्सेनची वाट अडवते. थ्रॉम्बिन आणि एडीपीच्या वाटा बऱ्याच अंशी मोकळ्याच राहतात. तपासणीसाठी गोळी मनानं बंद करू नका. एरवीच्या उपचारात या आकड्यावर औषध ठरत नाही, तेव्हा आमच्या मते पैसे वाचवावेत.

प्रश्न : सत्तरीपुढच्या बहुतेकांचं बीटा-थ्रॉम्बोग्लोब्युलिन (सक्रिय प्लेटलेटमधून रक्तात सुटणारं प्रथिन) जास्त येतं. सगळ्यांच्याच प्लेटलेट सक्रिय कशा? – तंत्रज्ञ, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी तपासणी) बघा. हे प्रथिन मूत्रपिंडांवाटे कमी होतं. वयानं ती मंदावली की ते रक्तात साचतं. शिवाय त्याच नमुन्यात प्लेटलेट फॅक्टर ४ मोजा. दोन्ही प्रथिनं सुटतात एकत्रच, पण शरीरात फॅक्टर ४ रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटून झटकन नाहीसं होतं. नळीला अस्तर कुठलं? म्हणून दोन्ही सोबतच वाढलेली दिसली तर संशय आधी रक्त घेण्यावर घ्या. बीटाच वाढलं आणि क्रिएटिनिन ठीक असलं, तर प्लेटलेट खरंच शरीरात सक्रिय झाल्या असाव्यात. मात्र रुग्णाला हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असेल तर ही तुलना करू नका. हेपारिन अस्तरावरचं फॅक्टर ४ सोडवून रक्तात आणतं.

वरच्या उत्तरात बर्फ नको म्हटलं, इथे मात्र हवा, कारण इथे प्लेटलेट नव्हे, त्यांतून सुटलेली प्रथिनं मोजायची असतात. सीटॅड नळी लगेच बर्फात ठेवा. तिच्यातली थिओफिलिन, ॲडेनोसिन आणि डायपिरिडॅमोल ही द्रव्यं प्लेटलेटना शांत ठेवतात. थंड सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवा आणि प्लाझ्मा फक्त मधल्या थरातून उचला. प्लेटलेट मागे राहिल्या तर नमुना गोठवताना त्या फुटतात आणि दोन्ही आकडे चढतात.