कर्नल अपडेटनंतर जुनी एसएसडी मधूनच गायब होते. डिस्क गेली का?

उबंटूच्या कर्नलचा (म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचा) अपडेट घेतल्यापासून तुमच्या जुन्या डेस्कटॉपमधली एसएसडी मधूनच दिसेनाशी होते, मशीन बंद करून चालू केलं की परत येते, आणि दुकानदार नवीनच घ्या म्हणतो. आधी कामाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या. पण डिस्क लगेच टाकू नका. तुम्ही सांगता ती लक्षणं डिस्क मेल्याची वाटत नाहीत.

मी नागपुरात छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. महालातल्या एका छापखान्यात नेमकं हेच झालं होतं. मे महिना होता, त्यामुळे सगळ्यांनी खापर उन्हावर फोडलं आणि बर्डीवरून नवी डिस्क आणायचं ठरतही होतं. पण भरपूर काम चालू असताना ती डिस्क ठणठणीत असायची. जेवणाच्या सुट्टीत मशीन नुसतं पडून राहिलं की गायब व्हायची. उन्हामुळे असतं तर उलट झालं असतं.

साटा लिंकला, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या जोडणीला, काम नसताना झोपवून वीज वाचवता येते. हलकी झोप म्हणजे पार्शियल, त्यातून 10 मायक्रोसेकंदांत जागं व्हावं लागतं. गाढ झोप म्हणजे स्लंबर, तिला 10 मिलिसेकंद मिळतात. काही जुन्या डिस्कच्या फर्मवेअरला (आतल्या सॉफ्टवेअरला) हे उठणं नीट जमत नाही. कर्नल लिंक रीसेट करून पाहतो, उत्तर आलं नाही की डिस्क सोडून देतो.

लिनक्स पूर्वी बायोसने (मशीन सुरू होताना चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरने) ठेवलेली सेटिंग तशीच राहू द्यायचा, म्हणजे पॉलिसी 0. फेडोरा 28 या दुसऱ्या लिनक्स सिस्टीमने 2018 मध्ये लॅपटॉपसाठी ती 3, म्हणजे लिंकला झोपू देणारी, केली, आणि 2024 मध्ये कर्नलच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्येही डिफॉल्ट 0 वरून 3 झालं. कारण रास्त आहे: लिंक जागी राहिली तर प्रोसेसरही गाढ झोपेत जाऊ शकत नाही, आणि रिकाम्या लॅपटॉपवर एक-दीड वॉटपर्यंत वीज वाचते. मला हा बदल चुकीचा वाटत नाही. मात्र त्याची झळ जुनं मशीन नेटाने चालवणाऱ्यांना बसते, आणि त्यांना कोणी काही सांगितलेलं नसतं.

खात्री करायला डीमेसेग (dmesg), म्हणजे कर्नलचा लॉग, पाहा. डिस्क गायब होण्याच्या वेळी ‘पीएचवाय रेडी चेंज’, ‘कॉमवेक’ आणि ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ असं दिसलं तर संशय पक्का. स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्यातला) 199 क्रमांकाचा सीआरसी आकडा, म्हणजे डेटा पोचवतानाच्या चुका, वाढत असेल तर मात्र आधी केबल बदला, आणि रीअलोकेटेड सेक्टर (खराब झाल्याने बदललेल्या जागा) वाढत असतील तर दुकानदाराचं बरोबर आहे.

मग सिसएफएसमध्ये (/sys फोल्डरमध्ये) स्कझी होस्टखाली लिंक पॉवर मॅनेजमेंट पॉलिसीची फाइल असते, तिच्यात रूट (अ‍ॅडमिन) म्हणून ‘मॅक्स परफॉर्मन्स’ (max_performance) ही किंमत लिहा. रीस्टार्ट लागत नाही. मशीन दिवसभर रिकामं ठेवून पाहा. डिस्क टिकली, तर ग्रबच्या (सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीत ‘लिबएटीए.फोर्स=नोएलपीएम’ घाला (रोमन लहान अक्षरांत, जागा न सोडता) आणि अपडेट-ग्रब चालवा. डेस्कटॉपला वीजबिलात फरक जाणवणार नाही.

एवढ्यावर थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती. कर्नलमध्ये अशा, लिंक झोपवायची नाही त्या, डिस्कची यादीच आहे. क्रुशियल एमएक्स100 चं 512 जीबी मॉडेल तिच्यात आहे, त्यामुळे ते वापरणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. तुमचं मॉडेल यादीत नसेल तर उबंटूच्या लाँचपॅडवर बग नोंदवा: मॉडेलचं पूर्ण नाव, फर्मवेअर क्रमांक, मदरबोर्डचा चिपसेट, डीमेसेगचा पूर्ण लॉग, आणि पॉलिसी बदलल्यावर त्रास थांबला हे स्पष्ट शब्दांत.