पहिलं रोमन नाणं घेण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पहिल्या पगारातून नीरोचं चांदीचं देनारियस घ्यायचं तू ठरवलंयस, आणि लिलाव रविवारी आहे म्हणून घाईने विचारलंयस. स्पष्ट सांगतो, हा लिलाव जाऊ दे. नीरोची नाणी पुढेही विक्रीला येत राहतील. त्या रकमेतला अगदी थोडा भाग काढ आणि रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्यातलं एक साधं ब्राँझचं नाणं घे. चौथ्या शतकात ही नाणी इतकी पाडली गेली की आजही दोन-तीन पुस्तकांच्या किमतीत चांगलं नाणं मिळतं.

त्यातही मागे ‘ग्लोरिया एक्सेर्कितुस’ असं लिहिलेलं बघ. ‘सैन्याचा गौरव’ असा त्याचा अर्थ. पुढच्या बाजूला राजाचा चेहरा. मागे भाले घेऊन, ढालींवर हात टेकून समोरासमोर उभे असलेले दोन सैनिक आणि त्यांच्या मधे सैन्याची निशाणं. विक्रेत्यांकडे ही नाणी डब्यात ढिगाने पडलेली असतात आणि संग्राहक ती चाळून पुढे जातात. मी इतक्या वर्षांत सगळ्यांत जास्त वेळ पाहिलं असेल ते हेच चित्र.

आधी निशाणं मोज. इ.स. ३३० च्या सुमारास हा प्रकार सुरू झाला तेव्हा सैनिकांच्या मधे दोन निशाणं होती. ३३५ च्या आसपास नाण्याचं वजन उतरवलं, सुमारे अडीच ग्रॅमचं ते दीड ग्रॅमच्या घरात आलं. नाणं लहान झालं आणि त्याबरोबर दोनांतलं एक निशाण गेलं. तराजू नसला तरी एवढ्यावरून नाणं आधीचं की नंतरचं हे तुला सांगता येईल.

मग सैनिकांच्या पायाखालची पट्टी बघ. तिथली बारीक अक्षरं टांकसाळीची. ‘टी आर’ दिसलं तर नाणं आजच्या जर्मनीतल्या ट्रिअरचं, ‘एस आय एस’ दिसलं तर सिस्कियाचं, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या सिसाकचं. एकच चित्र साम्राज्यभर पाडलं जात होतं, पण प्रत्येक गावच्या कोरक्याचा हात वेगळा. कुठे सैनिक ठेंगणे, कुठे शिरस्त्राणं मोठी. चार नाणी शेजारी ठेवलीस की हा फरक आपोआप दिसायला लागेल.

आता यातली मला अस्वस्थ करणारी गोष्ट. कॉन्स्टंटाइनने ३३५ मध्ये आपल्या पुतण्याला, डेल्मातियसला, ‘सीझर’ म्हणजे उपसम्राट केलं. त्याच्याही नावाने नाणी निघाली आणि मागे हेच दोन सैनिक, हाच सैन्याचा गौरव. ३३७ मध्ये कॉन्स्टंटाइन वारला आणि त्याच उन्हाळ्यात सैनिकांनी डेल्मातियसला इतर नातलगांसह मारलं. त्याच्यानंतरही कॉन्स्टंटाइनच्या मुलांच्या नावाने हे चित्र पाडलं जात राहिलं. डेल्मातियसचं नाणं महाग असतं, ते घेऊ नकोस. तुझ्या स्वस्त नाण्याच्या मागे तेच सैनिक उभे आहेत.

अशी उदाहरणं पुढे खूप भेटतील. २३८ मध्ये रोमच्या सिनेटने बाल्बिनस आणि पुपिएनस या दोघांना एकदमच सम्राट केलं. त्यांच्या काही चांदीच्या नाण्यांवर नुसते एकमेकांत गुंतलेले दोन हात आहेत, आणि भोवती ‘आमोर मूतुउस’, परस्परांवरचं प्रेम. प्रत्यक्षात दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. जेमतेम तीन महिन्यांत राजरक्षकांनी दोघांनाही एकाच दिवशी ठार केलं. त्या नाण्यावर ‘ऑगस्टस’ या सम्राटपदाच्या ‘ए व्ही जी’ या लघुरूपातला ‘जी’ दोनदा येतो. सम्राट दोन, म्हणून ‘जी’ दोन. सैन्याची निष्ठा, म्हणजे ‘फिदेस मिलितुम’, असं लिहिलेली तिसऱ्या शतकातली नाणी पाहिलीस की प्रत्येक वेळी विचार, हे सांगायची वेळ का आली? गॅलिएनसने ते लिहिलं आणि २६८ मध्ये त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याला मारलं.

म्हणून सगळी नाणी खोटं बोलतात असा अर्थ काढू नकोस. हातात कणसं घेतलेली आनोना ही रोमच्या धान्यपुरवठ्याची देवता, आणि ते धान्य इजिप्तहून, आफ्रिकेहून खरोखरच जहाजांनी येत होतं. आपण जसं शंख-चक्र पाहून विष्णू ओळखतो, त्रिशूळ-डमरू पाहून शंकर, तसं तिथे सुकाणू दिसलं की फोर्तुना, तराजू दिसला की एक्वितास, सापाला भरवणारी बाई दिसली की आरोग्यदेवता सालुस. लॅटिन नंतर शिकता येईल. आधी हातात काय आहे ते पाहायची सवय लाव. हे तुला जड जाणार नाही, आपले डोळे त्यात लहानपणापासून तयार झालेले असतात.

आपल्याकडच्या तेरला, प्राचीन तगरला, रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत, गळ्यात घालण्याजोग्या. त्या घालणाऱ्यांना लॅटिन येत असेल असं मला वाटत नाही. त्यांना त्या चित्राची भूल पडली होती, आणि तेवढ्यासाठी त्यांनी ते मातीत उतरवून घेतलं. तेरचं संग्रहालय एकदा बघून ये.

एक चूक माझ्या हातून झाली ती तू करू नकोस. माझं पहिलं ब्राँझचं नाणं मी देवाची उपकरणी घासतात तसं चिंचेने घासलं. ते लखलखीत झालं, आणि त्यावरचा सोळाशे वर्षांचा हिरवट-काळा थर गेला. त्या थरामुळेच अक्षरांच्या कडा उठून दिसत होत्या. ते नाणं आज गुळगुळीत पिवळा तुकडा आहे आणि मी ते मुद्दाम जपून ठेवलंय. मळ असलाच तर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेव, दर दोन दिवसांनी पाणी बदल, आणि धीर धर. फिकट हिरवी भुकटी दिसली तर मात्र ते ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं काढ, तो ब्राँझचा रोग आहे. पावसाळ्यात डबीत सिलिका जेल हवंच. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात नाणी ठेवू नकोस, त्यातून निघणारं रसायन धातूला लागतं.

विकत घेताना कडा तपास. कडेभोवती बारीक सांधा दिसला किंवा पृष्ठावर बुडबुड्यांसारखे खळगे असले तर ते ओतीव असण्याचा संशय घे. खरी नाणी ठोकून पाडलेली असतात. विक्रेत्याला ते आधी कोणाकडे होतं ते विचार आणि उत्तर लेखी घे. शेतात सापडलं म्हणून कोणी दाखवलं तर, कितीही स्वस्त असो, हात लावू नकोस. १८७८ च्या कायद्याप्रमाणे असं सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जमिनीतून उपटलेल्या नाण्याबरोबर ते कुठल्या थरात, कशाशेजारी होतं ही माहिती कायमची जाते, आणि ती नाण्यापेक्षा मोलाची असते. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने आपल्याला देशाबाहेर विकायला पाठवता येत नाही, हेही ध्यानात ठेव. गुंतवणूक म्हणून या वाटेला येऊ नकोस.

नाणं आलं की लगेच ‘ओक्रे’वर शोधायला बसू नकोस. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची ती रोमन नाण्यांची ऑनलाइन सूची उत्तम आहे, तिथे तुझं नाणं पाच मिनिटांत सापडेल, आणि म्हणूनच आठवडाभर थांब. संध्याकाळी दिवा एका बाजूला, खाली धरून नाण्यावर तिरका उजेड पाड आणि पेन्सिलने मागची बाजू कागदावर काढ, तळहाताएवढी मोठी. न दिसणारी अक्षरं अंदाजाने भरू नकोस, तिथे जागा मोकळी सोड. मग ते रेखाटन मला पाठव. निशाण एक आहे की दोन, ते मात्र आधी फोनवर सांग.

तुझा,
काका