पहिल्याच आठवड्यात सीपॅप मशीन कपाटात ठेवू नका

दादा, सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन, नवं आहे नि मास्क सहन होत नाही म्हणालात. पहिल्या रात्री मीही दोन वाजता मास्क काढून फेकला होता. बायको म्हणाली, घोरणं परवडलं, पण ही धडपड नको! तेव्हा घाई करू नका. आधी दिवसा, बातम्या बघत अर्धा तास मास्क लावून बसा. झोपताना मशीनमधली 'रॅम्प' ही सोय चालू ठेवा, म्हणजे दाब हळूहळू वाढतो. दाबाचा आकडा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

हवा गळते म्हणून पट्टे आवळू नका, मीही तीच चूक केली, नाकावर वळ उठले. आडवं होऊन, मशीन चालू करून, मास्क जरा उचलून परत बसवा. तोंड कोरडं पडत असेल तर बहुधा तोंडातून हवा जातेय. नाक-तोंड झाकणारा मास्क मागा.

आता आपल्याकडचं सांगतो. ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीत, बोअरचं पाणी अजिबात नको, चार दिवसांत पांढरा थर चढतो. मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणा, रोज ताजं भरा, सकाळी उरलेलं ओतून द्या. बॅटरीवाल्याची बाटली स्वस्त मिळते, पण ती श्वासासाठी नाही. लाईट जाते तिथं इन्व्हर्टर हवाच. त्यावर असताना ह्युमिडिफायरचं हीटर बंद ठेवा, जास्त वीज तेच खातं. उन्हाळ्यात धुळीनं फिल्टर लवकर काळा होतो, दर आठवड्याला बघत जा.

सकाळी स्क्रीनवर एएचआय बघा, म्हणजे झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास अडला किंवा कमी झाला तो आकडा. पाचच्या आत असेल तर उत्तम. दुपारची डुलकीसुद्धा मास्क लावूनच घ्या बरं का.